बाईंचा टॅबलेट: एका गणित शिक्षिकेच्या खरेदीची पूर्ण हकिकत

बाई फळ्यावर लिहिताना उजव्या हाताची करंगळीकडची कड फळ्याला टेकवतात. पंचवीस वर्षांपूर्वी मी त्यांच्या वर्गात होतो तेव्हाही टेकवायच्या. तास संपला की त्या कडेवर खडूची पांढरी पट्टी उठलेली असायची आणि तीच पट्टी पुढच्या तासाला पदराला लागायची. या खरेदीत सगळ्यात मोठा निकाल त्या कडेनेच दिला, म्हणून ती आधी सांगून ठेवतो.

मी लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात काम करतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी ग्रँट रोड स्टेशनला उतरून कोणालाही विचारा, तो लॅमिंग्टन रोडच म्हणेल. लॅपटॉप, टॅबलेट, केबली, दुरुस्ती असं सगळं आमच्याकडे चालतं. २०२५ च्या जूनमधल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई ओली छत्री बाहेर टेकवून आत आल्या. म्हणाल्या, "अरे, भिशीचा नंबर लागलाय. चाळीस हजार आहेत. मला शिकवायला आणि शाळेच्या कामाला टॅबलेट हवाय. मुलगी म्हणते आयपॅड घे. तू काय म्हणतोस?"

मी त्या दिवशी त्यांना काहीच विकलं नाही. चहा पाजला आणि एक दोनशे पानी वही दिली. पुढचे सात दिवस जे काम कागदावर, फोनवर किंवा शाळेच्या कॉम्प्युटरवर होतं ते सगळं तिच्यात लिहा, किती वेळ लागला तेही लिहा आणि कुठे वैताग आला तिथे फुली मारा, एवढंच सांगितलं. गिऱ्हाईक दुकानात आलं की तो रॅम विचारतो, मेगापिक्सेल विचारतो, आणि आम्हीही तेच दाखवतो. बाईंच्या बाबतीत मला तसं करायचं नव्हतं, कारण आधी एकदा त्या फसल्या होत्या.

आधीची खरेदी

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा बाईंनी ऑनलाइन सेलमध्ये एक आठ इंची टॅबलेट मागवला होता. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. सोबत रबरी टोकाचं जाड पेन होतं. असलं पेन म्हणजे दुसरं बोटच. पडद्याला बोट आणि पेन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे हात टेकवला की हाताचीच रेघ उमटते. बाई हात उचलून धरून लिहायच्या. तासाभराने मनगट भरून यायचं, आणि वर्गमूळाचं चिन्ह काढलं की त्याची शेपटी अधांतरी वाकडी जायची. वर्षभरात ॲप उघडायला मिनिट-मिनिट लागू लागलं, अपडेट येणं बंद झालं, आणि पडद्याला तडा गेल्यावर वॉरंटी कार्डावरच्या पत्त्यावर गेलो तर तिथे सर्व्हिस सेंटरच उरलं नव्हतं. तो टॅबलेट अजून त्यांच्या कपाटात आहे.

तेव्हापासून त्या फोनवरच भागवत होत्या. त्या लालबागच्या एका अनुदानित मराठी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतात, भाग एक आणि भाग दोन, म्हणजे बीजगणित आणि भूमिती. राहतात मुलुंडला. रोज मुलुंड ते करी रोड, स्लो लोकल, लेडीज डबा. रात्री आठ वाजता दहावीच्या मुलांसाठी गुगल मीटवर शंकांचा तास घेतात. त्याची फी नाही. ज्यांना क्लास परवडत नाही अशा मुलांसाठी तो आहे. शिवाय शाळेच्या परीक्षा समितीचं काम त्यांच्याकडे: प्रश्नपत्रिका काढणं, निकालपत्रक भरणं.

वहीत काय निघालं

आठवड्याने वही आली. बाईंचं अक्षर तेच, तारखेखाली दोन रेघा. मी ती दुकान बंद झाल्यावर शांतपणे वाचली.

सात दिवसांत सर्वांत जास्त वेळ गेला होता मुलांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले वहीच्या पानांचे फोटो तपासण्यात. जवळजवळ नऊ तास, आणि एकूण तेरा फुल्यांपैकी आठ तिथेच. फोनच्या पडद्यावर पान मोठं करायचं, सरकवायचं, चूक कुठे आहे ती शोधायची आणि मग "तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलंय" असं टाइप करून पाठवायचं. मूल विचारणार, "बाई, कुठली तिसरी ओळ?" एका फुलीशेजारी त्यांनी लिहिलं होतं: 'इथे नुसता लाल गोल करता आला असता.'

दुसरं होतं रात्रीचा शंकांचा तास. फोन पुस्तकांच्या चळतीवर आडवा ठेवून खाली कागदावर लिहायचं. मुलांना बाईंचं डोकं जास्त आणि कागद कमी दिसायचा. तिसरं प्रश्नपत्रिका. चौथं एक्सेलमधलं निकालपत्रक, पण ते शाळेच्या कॉम्प्युटरवर होतं आणि तिथे एकही फुली नव्हती. प्रोजेक्टरची नोंद त्या आठवड्यात एकदाही नव्हती. हे मी तेव्हा पाहिलं आणि पुढे विसरलो. ते कसं महागात पडत होतं ते सांगतो.

वही वाचल्यावर मला एक गोष्ट पटली. बाईंना हवा होता तो लिहिता येणारा कागद, जो फोटोवरही ठेवता येईल आणि मुलांच्या पडद्यावरही जाईल. गाणी, सिनेमे, गेम यांचा विचारच नव्हता. वेगवान चिप ही दुय्यम गोष्ट होती. पेन, पडद्याचा आकार आणि मुंबईचा पाऊस यांवर निवड ठरणार होती.

पुठ्ठ्याचे दोन तुकडे

बाई मोजमापाच्या माणूस. त्यांना '१०.९ इंच' असं सांगून उपयोग नव्हता, कारण तो आकडा पडद्याच्या कर्णाचा असतो आणि कर्ण तोच ठेवून आयताच्या बाजू किती बदलतात हे त्या मला सातवीत शिकवून गेल्या आहेत. मी पायथागोरस लावला आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून दोन आयत कापले.

एक साध्या आयपॅडचा. त्याच्या पडद्याच्या बाजूंचं गुणोत्तर साधारण १.४४ येतं, म्हणजे सुमारे १५.७ सेंटिमीटर रुंद आणि २२.६ उंच. दुसरा सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब एस-नाइन एफईचा. तोही १०.९ इंचीच, पण गुणोत्तर १.६, म्हणजे सुमारे १४.७ रुंद आणि २३.५ उंच. ए-फोर कागदाचं गुणोत्तर १.४१. त्यामुळे वहीचं पान आयपॅडच्या पडद्यावर जवळजवळ गच्च बसतं, मूळ आकाराच्या साधारण पाऊणपट. दुसऱ्यावर ते सत्तर टक्क्यांवर येतं आणि खाली पट्टी रिकामी राहते.

बाईंनी एका मुलाच्या उत्तरपत्रिकेची दोन मापांत झेरॉक्स काढून आणायला सांगितली, पंचाहत्तर टक्के आणि सत्तर टक्के. दोन्ही हातात धरून चष्मा लावून वाचल्या. म्हणाल्या, "पंचाहत्तर बरं आहे. सत्तरही चालेल. फोनवर मी काय वाचत होते ते मलाच कळत नाही." त्या रिकाम्या पट्टीचा उपयोगही त्यांनीच शोधला: तिथे शेरा लिहिता येईल. तिसरा पर्याय म्हणून सॅमसंगचा १०.४ इंची एस-सिक्स लाइट मी मनात धरला होता. स्वस्त, हलका, पेन सोबत मिळणारा. पण त्याचा पडदा आणखी अरुंद आहे आणि त्यावर पान पासष्ट टक्क्यांवर जातं. ती झेरॉक्स बाईंनी बघितली आणि बाजूला ठेवली.

हात टेकवून

पुढच्या शनिवारी दोन्ही यंत्रं त्यांच्यापुढे ठेवली. मी गप्प बसलो.

आयपॅड म्हणजे मार्च २०२५ मध्ये आलेला ए-सिक्स्टीन चिपचा साधा आयपॅड, ३४,९०० रुपयांचा. त्याला ॲपल पेन्सिल वेगळी घ्यावी लागते. टाइप-सीवाली पेन्सिल ७,९०० ची. बेरीज ४२,८००, म्हणजे कव्हर घेण्याआधीच भिशी संपून वर पदरचे. सॅमसंगचं मॉडेल २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ३६,९९९ ला बाजारात आलं होतं आणि पावणेदोन वर्षांनी त्याहून कमीत मिळत होतं. पेन पेटीतच.

बाईंनी दोन्हीवर एकच गणित सोडवलं, वर्गसमीकरणाचं, सूत्र पद्धतीने. मग एक वर्तुळ आणि बाहेरच्या बिंदूतून दोन स्पर्शिका. हात नेहमीसारखा टेकवलेला. दोन्ही यंत्रांनी हाताची कड बरोबर दुर्लक्षित केली. पेन जवळ आलं की यंत्र फक्त पेनाचं ऐकतं, हाताचं नाही. त्या जुन्या टॅबलेटमध्ये नेमकं हेच नव्हतं. बाईंनी हात उचलून त्याखालच्या पडद्यावर बघितलं. काही उमटलेलं नव्हतं. मग पुन्हा टेकवून बघितलं. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं.

फरक पडला तो बारीक ठिकाणी. साध्या आयपॅडच्या पडद्यात वरची काच आणि खालचं चित्र यांत थोडी फट असते. महागड्या आयपॅडमध्ये ती बुजवलेली असते. त्यामुळे तिरकं बघितलं तर पेनाचं टोक आणि रेघ यांत केसाएवढं अंतर दिसतं. पुष्कळ लोकांच्या ते लक्षातही येत नाही. पण स्पर्शिका नेमकी वर्तुळाला एका बिंदूत टेकवायची असते तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "मी इथे ठेवतेय आणि ती तिथे उमटतेय." टाइप-सीवाल्या पेन्सिलीला दाबाचा फरक कळत नाही हे मी सांगितलं. चित्रकाराला ते अडचणीचं ठरेल. बाईंना एकजाड रेघच हवी होती.

सॅमसंगच्या पेनाला बॅटरीच नसते. पडद्याखालची जाळी चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि पेनातली छोटी कॉइल त्यावरच चालते, म्हणून त्याला कधी चार्ज करावं लागत नाही. हे ऐकल्यावर बाईंचा चेहरा खुलला. "म्हणजे रात्री आठला तास सुरू करताना पेन संपलंय असं होणार नाही?" नाही होणार. चार्जिंगच्या पेन्सिलीची चार्जिंग विसरणं ही माणसाची चूक, पण दिवसभर शाळा करून सातला घरी पोचणाऱ्या बाईकडून ती होणारच.

आणि पाऊस. लालबाग, परळ, हिंदमाता हा पट्टा जुलैत कसा तुंबतो ते मुंबईकराला सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री बाई शाळेतच अडकल्या होत्या आणि पिशवीतले तपासलेले पेपर लगदा झाले होते. एस-नाइन एफई आणि त्याचं पेन दोन्हींना आयपी-अडुसष्ट दर्जा आहे: गोड्या पाण्यात दीड मीटर खोल, अर्धा तास. साध्या आयपॅडला असा दर्जा नाही. इथे मी गिऱ्हाइकाला नेहमी एक सांगतो आणि बाईंनाही सांगितलं. हा दर्जा प्रयोगशाळेतल्या साध्या पाण्याचा आहे, समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा नाही, आणि पाण्याने बिघडलं तर ते वॉरंटीत सहसा बसत नाही. पिशवीत प्लॅस्टिकची पिशवी ठेवायचीच. पण करी रोडच्या पुलावरून वाऱ्याची सर आली तर जीव मुठीत धरावा लागणार नाही, एवढं नक्की.

एका केबलने घोटाळा केला

निर्णय जवळजवळ झालाच होता. मग बाई म्हणाल्या, "आणि हे शाळेच्या प्रोजेक्टरला लागेल ना?"

मी सहज हो म्हणालो आणि दाखवायला टाइप-सी ते एचडीएमआयचा, म्हणजे टीव्हीला चित्र पोचवणाऱ्या केबलचा, अडॅप्टर लावला. आयपॅड लावला, दुकानाच्या टीव्हीवर चित्र आलं. एस-नाइन एफई लावला, काहीच नाही. अडॅप्टर बदलला. तरी नाही.

टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार आहे. त्याच भोकातून चार्जिंग होईल आणि फाइल जाईल, पण चित्र बाहेर जाईल की नाही हे आतल्या जोडणीवर ठरतं. साध्या आयपॅडच्या टाइप-सीतून चित्र बाहेर येतं. एस-नाइन एफईचं टाइप-सी यूएसबी टू पॉइंट झिरोचं आहे, त्यातून येत नाही. पेटीवर मोठ्या अक्षरांत दोन्हीकडे 'टाइप-सी' एवढंच असतं. मी या धंद्यात असून ते तपासायचं राहून गेलं होतं. शिक्षकांना हे आधी कोणीतरी सांगायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण शाळेत टॅबलेट आणि प्रोजेक्टर यांची गाठ पडणारच.

त्या क्षणी तराजू पुन्हा आयपॅडकडे झुकला. बाईंच्या मुलीचा फोन आला, ताई म्हणाल्या, "बघ, मी सांगत होते ना!" ताईंचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. रोज प्रोजेक्टरवर शिकवणाऱ्या शिक्षकाला मी आजही आयपॅडच सांगेन, चार पैसे जास्त गेले तरी.

मग बाईंनीच ती वही पुन्हा उघडली. "आठवड्यात प्रोजेक्टर एकदाही नाही," त्या म्हणाल्या. वर्षात? त्यांनी आठवून सांगितलं, महिन्यातून दोनदा, तेही भौमितिक रचना नाहीतर महत्त्वमापन असेल तर. वर्गात त्या फळ्यावरच शिकवतात, लाकडी कंपास घेऊन. महिन्यातून दोनदा लागणाऱ्या गोष्टीसाठी रोज लागणारं पेन आणि पावसातलं संरक्षण सोडायचं का, हा प्रश्न होता. आणि तोही सुटतो का ते शाळेत जाऊन बघायचं होतं.

सोमवारी मी दुकानातला डेमोचा टॅबलेट घेऊन शाळेत गेलो. प्रोजेक्टर जुना, व्हीजीए नावाच्या जुन्या केबलच्या तोंडाचा, भूगोलाच्या खोलीत. त्याला लॅबमधला विंडोज टेनचा लॅपटॉप कायमचा जोडलेला. लॅबच्या सरांनी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये 'वायरलेस डिस्प्ले' नावाची जादा सोय टाकून घेतली. त्यासाठी एकदाच इंटरनेट लागतं, ते त्यांच्या फोनवरून घेतलं. मग टॅबलेटवर स्मार्ट व्ह्यू, म्हणजे त्याचा पडदा केबलशिवाय दुसरीकडे दाखवायची सोय, चालू केली आणि लॅपटॉपचं नाव निवडलं. पडद्यावर बाईंचं अक्षर दिसलं. एकदा सोय बसली की नंतर इंटरनेटही लागत नाही, लॅपटॉप आणि टॅबलेट थेट एकमेकांशी बोलतात. रेघ किंचित उशिरा उमटते, पापणी लवावी इतकी. बाईंनी मागच्या बाकापर्यंत चालत जाऊन तिथून त्रिकोण काढला. "अरे, हे तर केबलपेक्षा बरं! मी मागे उभी राहून लिहू शकते." मागच्या बाकावर काय चालतं यावर त्यांचा कायम डोळा असतो.

त्याच संध्याकाळी एस-नाइन एफई घेतला, वाय-फायवाला. सिमचा महाग होता आणि बाईंच्या फोनचा हॉटस्पॉट पुरतो. १२८ जीबी, वर मेमरी कार्डाची जागा आहेच. बिल जीएसटीसह, बिलावर सिरियल नंबर छापून. हा नंबर पेटीवरच्या आणि यंत्राच्या सेटिंगमधल्या नंबराशी ताडून बघायला मी प्रत्येकाला लावतो. आणखी एक गोष्ट घेण्याआधी बाईंच्या कानावर घातली होती. मॉडेल थोडं जुनं असलं की स्वस्त मिळतं, पण अपडेटची वर्षं ते बाजारात आल्या दिवसापासून मोजली जातात, आपण घेतल्यापासून नाही. पावणेदोन वर्षं आधीच गेलेली होती. बाईंना निवृत्तीला सहा वर्षं आहेत. शेवटी शेवटी हा टॅबलेट म्हातारा झालेला असेल, हे त्यांनी समजून घेतलं.

मराठीची अडचण

पहिल्या आठवड्यात दोन गोष्टींनी अडवलं, आणि दोन्ही मराठीच्याच.

एक कीबोर्ड. बाईंनी प्रश्न टाइप केला आणि 'दुसऱ्या' हा शब्द नीट येईना, 'दुसर्या' असा रफार होऊन येई. टॅबलेटवर हिंदीचा कीबोर्ड चालू होता, त्यात तो अर्धा 'ऱ' हाताशी नसतो. जीबोर्डमध्ये, म्हणजे गुगलच्या कीबोर्डमध्ये, भाषा 'मराठी' निवडल्यावर 'ऱ' मिळाला, 'ळ' जागेवर आला, 'ॲ' मिळाला. मराठी शिक्षकाने नवं यंत्र उघडल्यावर सगळ्यात आधी 'दुसऱ्या', 'बाळ' आणि 'ॲप' हे तीन शब्द टाइप करून बघावेत.

दुसरी अडचण मोठी. शाळेच्या पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर होत्या. टॅबलेटवर उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं यांची खिचडी. बाई घाबरल्या, त्यांना वाटलं फाइली गेल्या. फाइली शाबूत होत्या. त्या श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या. अशा जुन्या फॉन्टमध्ये अक्षर आतून मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरावर मराठी चित्र चिकटवलेलं असतं. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर चित्र निघून जातं आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. आयपॅड घेतला असता तरी हेच झालं असतं. करी रोडच्या ज्या डीटीपीवाल्याने त्या टाइप केल्या होत्या त्याच्याकडून सगळ्या पीडीएफ करून घेतल्या, आता त्या कुठेही वाचता येतात. नवीन प्रश्नपत्रिका बाई युनिकोडमध्येच करतात, त्यात अक्षर आतूनही मराठीच असतं.

वर्ड-एक्सेलचंही एक सांगायला हवं. मायक्रोसॉफ्टची ही ॲप १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर फुकट लिहू देतात. त्याहून मोठ्या पडद्यावर वर्गणी भरावी लागते. बाईंचा पडदा १०.९ चा. म्हणून प्रश्नपत्रिका गुगल डॉक्समध्ये आणि निकालपत्रक पूर्वीसारखंच शाळेच्या कॉम्प्युटरवर. पंचेचाळीस मुलांचे गुण टॅबलेटवर बोटाने भरणं हे काम नव्हेच. कीबोर्डचं कव्हर घ्यायचा ताईंचा आग्रह होता, तो मी मोडून काढला. निकालपत्रकाशेजारी वहीत एकही फुली नव्हती, मग त्यावर पाच-सहा हजार कशाला?

सहा महिन्यांनी

डिसेंबरात बाईंनी तीच दोनशे पानी वही पुन्हा एक आठवडा भरली, मी न सांगता. फोटो तपासायला नऊ तासांऐवजी पाच. मुलांना त्यांनी गुगल ड्राइव्हमधून पान स्कॅन करून पाठवायला शिकवलं, त्यामुळे वाकडे, सावली पडलेले फोटो बंद झाले. पीडीएफ सॅमसंग नोट्समध्ये उघडतात, लाल पेनाने गोल करतात, परत पाठवतात. "कुठली तिसरी ओळ?" हा प्रश्न गेला.

रात्रीच्या तासात त्या मीटवर टॅबलेटचा पडदा दाखवतात. पण पडदा दाखवताना मुलांचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून फोनही त्याच मीटमध्ये जोडून स्टँडवर ठेवतात. फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर आवाज घुमतो. फुकटच्या खात्यावर गुगल मीटची सभा साठ मिनिटांत संपते. आधी तास पासष्ट-सत्तर मिनिटांवर जायचा आणि मध्येच तुटायचा. आता टॅबलेटच्या कोपऱ्यात घड्याळ ठेवून पंचावन्नाव्या मिनिटाला गृहपाठ देतात. बालभारतीची दोन्ही पुस्तकं पीडीएफमध्ये आहेतच, उदाहरण दाखवायला पान धरून कॅमेऱ्यापुढे हलवावं लागत नाही.

एकदा पेन स्टाफरूममध्ये राहिलं. मुलुंडला पोचल्यावर लक्षात आलं, आणि त्या रात्रीचा तास त्यांनी बोटाने लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी पेन मिळालं, पण त्यानंतर पेनाची खाच असलेलं कव्हर आलं. ते मी पहिल्या दिवशीच द्यायला हवं होतं. पडद्यावर खरखरीत कागदी फिल्म लावायची का असं त्यांनी विचारलं, काच गुळगुळीत लागते म्हणून. मी नको म्हणालो. त्या फिल्मने टोक लवकर झिजतं आणि अक्षर थोडं धूसर दिसतं, चाळिशीचा चष्मा असलेल्याला तर जास्तच. महिन्याभरात हात काचेला सरावला.

एक काम अजून उरलं आहे. भूगोलाच्या खोलीतल्या लॅपटॉपवर विंडोज टेन आहे आणि त्याचा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आज तो चालतोय, स्मार्ट व्ह्यूही चालतंय. पण तो लॅपटॉप बदलताना नव्यात वायरलेस डिस्प्ले चालतं का आणि जुन्या प्रोजेक्टरला लागणारं व्हीजीए निघतं का, हे दोन्ही बघूनच घ्यायचं असं लॅबच्या सरांशी बोलणं झालंय. जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली की ते आणि बाई दुकानात येणार आहेत. येताना वही आणा, असं बाईंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, या वेळी सरांची वेगळी वही लागेल.